एका स्वरग्रंथावरील दोन शाया

योहान सेबास्टियन बाख ह्या जर्मन रचनाकाराच्या 'बी मायनर मास' ह्या ख्रिस्ती उपासनेच्या समूहगानाचें स्वहस्तलिखित बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयांत आहे. पाठसंशोधकांनीं त्याची हकीकत अवश्य लक्षांत घ्यावी.

रचनाकाराच्या मूळ प्रतींत सर्व स्वरपंक्ति एकाखालीं एक लिहिलेल्या असतात. गायकवादकांस मात्र आपापल्या पंक्तीच्या निराळ्या वह्या लागतात. म्हणून अशा वह्या सांपडल्या म्हणजे प्रयोगाची तयारी झाली होती असें अनुमान निघतें. इ. स. १७३३ त बाखनें 'कीरिए' व 'ग्लोरिया' ह्या भागांच्या वह्या ड्रेस्डेनच्या दरबारास अर्पण केल्या. त्या उपलब्ध आहेत. 'सांक्टुस' तर १७२४ च्या नाताळांतच गाइलें गेलें होतें. ह्यांस इतर भाग जोडून त्यानें १७४९ च्या सुमारास ग्रंथ पुरा केला व १७५० त तो निवर्तला. संपूर्ण कृति त्यानें ऐकल्याचा पुरावा नाहीं.

पुढें १७८६ त त्याचा पुत्र कार्ल फिलिप इमानुएल ह्यानें हांबुर्ग येथें एका धर्मार्थ जलशांत 'क्रेडो' हा भाग गावविला. परंतु पित्याच्या प्रतींतच त्यानें दुरुस्त्या केल्या! शिवाय शाईनें कागद खाल्लेला. त्यामुळें कित्येक स्थळीं नुसत्या नजरेनें मूळ पाठ ठरवितां येईना. अखेर क्ष-किरणांनीं शाईंतील धातूंचें प्रमाण तपासून दोन हात निराळे करण्यांत आले व त्या आधारें २०१० त नवी आवृत्ति निघाली.

आपल्या बखरींतील प्रक्षेप शोधतांनाहि हें स्मरावें. मागाहून फिरलेला हात लबाडाचाच असतो असें नाहीं. कृति लोकांच्या कानीं पडावी ह्या तळमळीनेंहि तो फिरतो. तथापि दोन्ही हात निराळे दाखविणें हें संशोधकाचें कर्तव्यच होय.