रंगीत धोपा मरत नाही, झोपतो

कोजागिरी झाली, दिवाळी तोंडावर आली. घरोघरी झाडझूड, सारवण, रंगकाम सुरू आहे. याच साफसफाईत दरवर्षी एक झाड जिवंतपणी उकिरड्यावर जातं. पावसाळाभर छपरीत लाल, गुलाबी, पांढऱ्या पानांनी उठून दिसलेलं कॅलेडियम. आता त्याची पानं पिवळी पडतात, देठ लोळतात, आणि आपण म्हणतो, "गेलं हे." कुंडी उलटी होते, तिच्यात दुसरं रोप लागतं. मातीतला कंद मात्र चांगला टणक असतो. तो फक्त झोपायला निघालेला असतो.

कॅलेडियमला कोणी रंगीत अळू म्हणतं, कोणी रंगीत धोपा. नातं खरंच आहे. धोपा, सुरण, मनीप्लांट आणि हे, सगळे एकाच कुळातले. पण कॅलेडियमचं माहेर दूर, दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलाकडचं. तिथे मोठ्या झाडांची सावली, दमट हवा, आणि वर्षातून एकदा कोरडे दिवस. त्या दिवसांत पानं टाकून द्यायची आणि जमिनीखाली कंदात जीव धरून राहायचं, ही त्याची रीत. आपल्याकडे पाऊस संपून थंडी लागली की ते तेच करतं. त्याला मेलेलं समजून आपण जास्त पाणी घालतो, आणि मग मात्र कंद खरोखर सडतो.

कंद ठेवायचा कसा ते सांगतोच, पण आधी एक महत्त्वाची गोष्ट. हे झाड खायचं नाही. पान नाही, देठ नाही, कंदही नाही. त्याच्या अंगात सुईसारखे बारीक खडे असतात, ते तोंडात, घशात रुततात. धोप्यातही ते असतात, म्हणून तर आपण चिंच घालून नीट शिजवतो. पण धोपा शिजवून खाता येतो म्हणून कॅलेडियमही शिजवून चालेल, असं कोणी समजू नये. दोघांच्या पानांची ठेवण सारखी, देठही पानाच्या पोटाशीच जोडलेला. धोप्याच्या पानावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, कॅलेडियमचं पान पातळ असतं, ही ओळख आहे. पण वड्यांसाठी घाईघाईने पानं तोडताना ओळखीवर भरवसा नको. दोन्ही झाडं एका वाफ्यात लावूच नका. धोपा न्हाणीच्या मागे, कॅलेडियम समोर छपरीत, आणि तेही रांगणाऱ्या लेकराच्या नि बकरीच्या तोंडाला येणार नाही अशा उंचीवर. लेकराने पान चावलंच, तर तोंड पुसून स्वच्छ धुवा, थंड पाणी किंवा दूध थोडं थोडं पाजा, मुद्दाम उलटी काढू नका. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा दम लागला, तर वाट न बघता ग्रामीण रुग्णालय गाठा. कंद कापतानाही हाताला खाज सुटते, तेव्हा हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा.

आता जागा. चंद्रपूरचं ऊन ४६-४७ अंशांपर्यंत जातं, त्यात याची पानं दुपारभरात करपतात. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली, अशी पूर्वेकडची छपरी, कडुनिंबाची विरळ सावली किंवा वालाच्या मांडवाखालची जागा चांगली. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात देठ लांबतात आणि रंग फिका होतो. रंग फिका पडला म्हणून कोणी युरिया टाकतं. त्याने पान वाढतं, पण आणखी हिरवं होतं.

कोरपना, गडचांदूरकडे दोन अडचणी जास्तीच्या आहेत. एक, आपली काळी माती. कापसाला सोनं असली तरी कुंडीत ती चिखल होते, नंतर भेगाळते. म्हणून एक भाग माती, एक भाग वाळू आणि दोन भाग कुजलेला पालापाचोळा किंवा चांगलं जुनं शेणखत घ्या. दुसरी, चुना. आपल्या जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून तर इथे सिमेंटचे कारखाने आले. बोअरचं पाणी जड. कुलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो तो हाच. कॅलेडियमला थोडी आंबटसर माती मानवते, तेव्हा जमेल तेव्हा पावसाचं पाणी धरून तेच घाला. कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर नकोच, त्यात क्षार आणखी आटलेले असतात. सिमेंटची रिकामी गोणी वापरायची असेल तर आधी चारदा धुवा. पानांवर धूळ बसली की सकाळी हलक्या हाताने ओल्या फडक्याने पुसा. कुंडी विकत घ्यायलाच हवी असं नाही. तेलाचा डबा, रंगाची बादली, फुटका माठ, काहीही चालतं. फक्त बुडाला चार-पाच भोकं हवीत. धोपा सांडपाण्यात खुशाल वाढतो, याचं तसं नाही. माती ओलसर हवी, पण पाणी साचायला नको.

आता या दिवसांतलं काम. पानं पिवळी दिसू लागली की पाणी कमी करत जा आणि मग बंद करा. हिरवं पान तोडू नका, त्याच्यातला कस कंदात उतरू द्या. सगळी पानं वाळली की कंद हाताने मोकळे करा. माती झटका, धुवू नका. सावलीत आठवडाभर वाळवा. मग राख चोळून, कोरड्या वाळूत किंवा धानाच्या तुसात थर देऊन टोपल्यात ठेवा. टोपलं स्वयंपाकघरात उंच टांगा. १५ अंशांखालची थंडी कंदाला सोसत नाही, आणि आपल्याकडे पौषातल्या रात्री त्याहून थंड असतात. चुलीजवळची ऊब बरी, पण आच लागायला नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधाल तर घाम सुटून कंद कुजतील. महिन्यातून एकदा चाचपून बघा. जो मऊ लागेल तो काढून टाका, नाहीतर शेजारचेही जातात. एवढं करायला वेळ नसेल तर कुंडी आहे तशी आडवी करून घरात कोरड्या कोपऱ्यात ठेवा. कंद काढून ठेवणं जास्त भरवशाचं, पण फेकण्यापेक्षा हेही बरं.

मे संपता संपता, मिरगाच्या तोंडावर, कंद बाहेर काढा. मोठ्या कंदावर डोळे असतात, सुरणासारखे. प्रत्येक तुकड्याला दोन डोळे येतील असे तुकडे करा, कापल्या जागी राख लावून दोन दिवस सुकू द्या, आणि दोन इंच खोल लावा, डोळे वर. कोंब दिसेपर्यंत पाणी जपून. आख्खा कंद लावणार असाल तर मधला जाड डोळा चाकूच्या टोकाने काढून टाका. मग बाजूचे डोळे फुटतात आणि कुंडी दाट भरते.

बचत गटाचं काम इथेच आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात लेक प्लॅसिड नावाचं छोटं गाव आहे. जगात विकले जाणारे बहुतेक कॅलेडियमचे कंद त्याच्या आसपासच्या शेतांतून जातात, तेही आकारानुसार वेगवेगळ्या भावाने. मोठा कंद म्हणजे जास्त डोळे, जास्त पानं. आपल्याला शेत लागत नाही. गटातल्या दहाजणींनी आपापले कंद जपले आणि जूनमध्ये तुकडे करून लावले, तर गणपतीच्या बाजाराला भरल्या कुंड्या तयार होतात. लाल कोणता, पांढरा कोणता हे झोपलेल्या कंदावरून कळत नाही, म्हणून आत्ताच, पानं शाबूत असताना, प्रत्येक कुंडीला रंगाची चिंधी बांधून ठेवा. आणि विकताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी तोंडाने सांगा: हे खायचं नाही, आणि दिवाळीत पानं गेली तर कुंडी फेकायची नाही.