हुकूम आणि दाद

नाशिककरांना लष्कर परके नाही. देवळालीचे तोफखाना विद्यालय १९४१ मध्ये काकूलहून इथे आले. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात देशभरातली पोरे भरती होऊन येतात आणि गनर होऊन बाहेर पडतात. तरीही छावणीत साहेब आणि जवान यांच्यात काय चालते, याची शहरात उघड चर्चा झाली ती २०१७ साली, आणि तीही एका जवानाच्या मृत्यूनंतर.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस एका वृत्तसंकेतस्थळाने देवळालीत छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण प्रसिद्ध केले. साहेबांची कुत्री फिरवणे, मुलांना शाळेत सोडणे, मेमसाहेबांना बाजारात नेणे अशी कामे ‘सहायक’ म्हणून नेमलेल्या जवानांना कशी करावी लागतात, हे त्यात होते. चित्रणात बोललेला केरळचा जवान रॉय मॅथ्यू त्यानंतर बेपत्ता झाला. २ मार्चला छावणीतल्या एका पडीक बराकीत त्याचा मृतदेह सापडला. ही आत्महत्या असून नकळत केलेल्या चित्रणामुळे ती ओढवली असावी, असे लष्कराने सांगितले. कुटुंबाने शंका घेतली आणि पुन्हा शवविच्छेदनाची मागणी केली.

पुढे गुन्हा नोंदला गेला तो पत्रकार पूनम अग्रवाल आणि तिला मदत करणारा, कारगिलच्या लढाईत लढलेला एक निवृत्त जवान यांच्यावर. कलमे होती शासकीय गुपिते कायद्याची आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याची. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. पण या दोन वर्षांत सगळी चर्चा कॅमेरा आत कसा गेला याभोवती फिरली. लढायला भरती झालेल्या माणसाच्या हाती कुत्र्याची साखळी कोणी दिली, हा प्रश्न मागे पडला.

सहायक पद्धतीची लष्कराने दिलेली व्याख्या वेगळी आहे. सहायक हा अधिकाऱ्याचा ‘बडी’, म्हणजे लढाईतला जोडीदार. तो अधिकाऱ्याचे हत्यार आणि गणवेश सज्ज ठेवतो, गरज पडली तर रेडिओ सांभाळतो, दोघे एकमेकांचा जीव राखतात. सीमेवर हे नाते खरेही असते. कारगिलमध्ये तरुण अधिकारी तुकडीच्या पुढे राहून लढले आणि पडले, हे कोणी नाकारणार नाही. घोटाळा होतो तो शांततेच्या ठाण्यात. तिथे लढाई नसते, बंगला असतो. मग जोडीदाराचा घरगडी होतो आणि लेखी आदेशात कुठेही नसलेली कामे तोंडी हुकमाने अंगावर पडतात. नौदल आणि हवाईदलात ही पद्धत नाही, आणि त्यामुळे त्यांचे काही अडलेले नाही.

हे सगळे बाहेरच्यांनीच म्हटले असेही नाही. २००८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सैन्यदलातल्या ताणतणावांवर अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष होते शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या लोणीचे बाळासाहेब विखे पाटील. जवान देशाच्या सेवेसाठी भरती होतो, अधिकाऱ्याच्या कुटुंबाची घरकामे करण्यासाठी नव्हे, असे समितीने सुनावले आणि ही प्रथा ताबडतोब बंद करायला सांगितले. पुढे वेळोवेळी सूचना निघाल्या, शांततेच्या ठाण्यांवर मुलकी नोकर नेमण्याचे प्रस्तावही आले. अहवालानंतर नऊ वर्षांनी देवळालीत तेच चित्र कॅमेऱ्यात सापडले.

कायद्याचा तराजू

कनिष्ठाला कायद्याने वाऱ्यावर सोडलेले आहे असेही नाही. लष्कर कायदा, १९५० चे कलम ४७ हाताखालच्या माणसाला मारहाण करणाऱ्या किंवा वाईट वागवणाऱ्या वरिष्ठाला सात वर्षांपर्यंत कैद सांगते. वरिष्ठावर हात उगारणाऱ्याला मात्र कलम ४० खाली दहा, आणि प्रसंगी चौदा वर्षांपर्यंत. हुकूम पाळायचा तो ‘कायदेशीर’ असेल तरच, असे कलम ४१ म्हणते. साहेबांच्या मुलाला शाळेत सोडण्याचा हुकूम या व्याख्येत कसा बसेल? पण बराकीत उभे राहून हा प्रश्न विचारायचा कोणी?

विचारायची वाटही त्याच साहेबांच्या दारावरून जाते. कलम २६ प्रमाणे गाऱ्हाणे मांडायचे ते आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडे. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल, तर त्याच्या वरच्याकडे. कलम ५६ खोट्या आरोपासाठी पाच वर्षांपर्यंतची कैद ठेवते. शिस्तीसाठी अशी तरतूद लागते हे मान्य. पण आरोप खरा की खोटा हे ठरवणारेही त्याच साखळीतले असतात, त्यामुळे खरी तक्रार असलेलाही दहा वेळा विचार करतो.

त्यात समरी कोर्ट मार्शलची भर. यात एकटा कमांडिंग अधिकारी म्हणजेच न्यायालय असते. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा अधिकारी या मार्गाने एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, शिवाय नोकरीतून बडतर्फही करू शकतो. हे न्यायालय चालते फक्त जवान आणि हवालदारांपर्यंत. नायब सुभेदार आणि त्यावरच्यांना ते लागू नाही.

१९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलविरुद्ध एकही अपील नसणे ही ठळक उणीव असल्याचे सांगितले. त्यातून सशस्त्र दल न्यायाधिकरण यायला २००९ उजाडले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. पण बदली, नेमणूक आणि रजा हे विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. समरी कोर्ट मार्शलविरुद्धही तिथे जाता येते ते बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तरच. जवानाचा छळ करायचा तर चाबूक लागत नाही. बहिणीच्या लग्नाला रजा नाकारली, नको त्या जागी बदली केली, गोपनीय अहवालात एक ओळ लिहिली, की काम होते. आणि नेमकी यातली पहिली दोन हत्यारे न्यायाधिकरणाच्या आवाक्याबाहेर आहेत.

तलवारची चौदा गाऱ्हाणी

तक्रार दाबली की काय होते, हे मुंबईने १९४६ मध्ये पाहिले. कुलाब्याच्या ‘एचएमआयएस तलवार’ या नौदल सिग्नल प्रशिक्षण केंद्रात जेवण निकृष्ट होते आणि कमांडर किंग खलाशांना वंशावरून आणि आईवरून शिव्या देत असे. सामूहिक तक्रार म्हणजे बंड, म्हणून चौदा जणांनी वेगवेगळ्या तक्रारी दिल्या. त्या सुनावणीला आल्या किंगपुढेच. खोट्या तक्रारीचे परिणाम काय होतात याची जाणीव करून देऊन त्याने त्यांना विचार करायला मुदत दिली. १८ फेब्रुवारीला खलाशांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले. काही दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे २० हजार खलाशी संपात उतरले, मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली.

या उठावाला स्वातंत्र्याची आस होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण फजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाने अन्न, वागणूक आणि तक्रारींकडे झालेले दुर्लक्ष यांनाही कारणांत धरले. आपण तिरंग्याची बाजू लक्षात ठेवली, ताटाची आणि तोंडच्या शिव्यांची विसरलो.

पुन्हा पुन्हा तेच

मे २०१२ मध्ये लडाखमधल्या न्योमा भागात सरावासाठी गेलेल्या २२६ फील्ड रेजिमेंटमध्ये एका जवानाला झालेल्या मारहाणीवरून अधिकारी आणि जवान एकमेकांवर धावून गेले. ही पलटण तोफखान्याचीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांब्याला १६ कॅव्हलरीत एका जवानाच्या आत्महत्येनंतर असंतोष उसळला. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादवने करपलेल्या पोळीचे आणि पातळ डाळीचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकले. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. लष्करातून सहायक पद्धतीविरुद्ध चित्रफिती आल्या, तेव्हा लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवल्या, थेट आपल्याला लिहा असे सांगितले, आणि समाजमाध्यमांवर बोलणाऱ्यांना कारवाईचा इशाराही दिला.

धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरच्या चंदू चव्हाणची गोष्ट खानदेशात घरोघर माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१६ रोजी तो नियंत्रण रेषा ओलांडून गेला. चुकून गेला, असे भारताने सांगितले. वरिष्ठांच्या वागणुकीला कंटाळून आला, असे पाकिस्तानने. शत्रूचे बोलणे पुरावा म्हणून धरायचे नाही. २१ जानेवारी २०१७ ला तो वाघामार्गे परतला, पुढे लष्करी न्यायालयाने त्याला ८९ दिवसांची शिक्षा दिली. २०१९ मध्ये त्याने छळाचे आरोप करत राजीनामा देऊ केला. लष्कराने आरोप फेटाळले आणि त्याच्याच शिस्तभंगाच्या नोंदी पुढे ठेवल्या. खरे-खोटे ठरवायला पलटणीबाहेरचे कोणी नव्हते. अशा यंत्रणेत लष्कर निर्दोष असले तरी तसे सिद्ध करू शकत नाही, ही तिची दुसरी बाजू.

इतरांनी काय केले

जर्मनीने नाझी लष्कराच्या अनुभवानंतर १९५६ मध्ये राज्यघटनेतच संसदीय आयुक्ताची तरतूद केली. कोणताही सैनिक वरिष्ठांना वगळून त्याला थेट पत्र लिहू शकतो आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. आयुक्त दरवर्षी संसदेला अहवाल देतो. दक्षिण कोरियात २०१४ मध्ये बराकीतल्या वरिष्ठांनी एका शिपायाला मारून मारून ठार केले. २०२१ मध्ये लैंगिक अत्याचारानंतर तक्रार दाबली गेलेल्या हवाईदलातल्या महिला सार्जंटने जीव दिला. त्यानंतर २०२२ पासून असे गुन्हे मुलकी न्यायालयांकडे गेले आणि मानवाधिकार आयोगात सैनिकांसाठी स्वतंत्र संरक्षक नेमला गेला. अमेरिकेत २०२० मध्ये फोर्ट हूडमध्ये व्हनेसा गियेन या सैनिक तरुणीचा खून झाला. त्यानंतर लैंगिक अत्याचाराचे खटले भरायचे की नाही हा निर्णय कमांडरांच्या हातून काढून स्वतंत्र वकिलांना दिला गेला. यातले एकही सैन्य त्यामुळे ढेपाळले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी तातडीचा झाला आहे तो अग्निवीरांमुळे. नाशिक रोडच्या केंद्रातही ते शिकतात. चार वर्षांनी त्यांच्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करायचे आहे. कोणाला ठेवायचे याचा निवाडा मूल्यमापनावर, आणि मूल्यमापन वरिष्ठांच्या हाती. पूर्वीच्या जवानाला निदान पेन्शनपर्यंतची नोकरी आधाराला होती. अग्निवीराला नोकरी टिकवायची आहे, आणि ती टिकणे न टिकणे साहेबांच्या मतावर आहे. तो तक्रार करील, असे कोणी समजू नये.

शिस्तीशिवाय सैन्य नाही, हे लहान पोरालाही कळते. गोळ्यांच्या वर्षावात हुकमावर वाद घालत बसता येत नाही. पण बंगल्यातली भांडी आणि कुत्र्याची फेरी यांचा त्या हुकमाशी संबंध नाही, आणि त्यांना शिस्तीचे नाव देणारा शिस्तीलाच बट्टा लावतो. चांगले अधिकारी बहुसंख्य आहेत. नेमक्या त्यांच्यासाठीही पलटणीबाहेरचा एक कान हवा, म्हणजे वाईटाचे पाप त्यांच्या माथी येणार नाही. संसदेला जबाबदार असा सैनिकांचा आयुक्त, रजा आणि बदलीच्या सूडाविरुद्ध न्यायाधिकरणाला अधिकार, आणि शांततेच्या ठाण्यांवर सहायक पूर्ण बंद, एवढ्या तीन गोष्टींसाठी रणगाड्याच्या किमतीचा खर्च नाही. त्या होईपर्यंत देवळालीसारख्या छावणीतल्या जवानापुढे दोनच मार्ग राहतात: गप्प बसणे, नाहीतर कॅमेऱ्यापुढे बोलणे. दोन्ही त्याला महागात पडतात, आणि लष्करालाही.