काळ्या रंगाचे थर

न्यूयॉर्कच्या फुटपाथवर पडलेलं सिगारेटचं एक थोटूक. कुणाच्या तरी बुटाखाली चेंगरलेलं, कडेला कागद फाटलेला, आतली तंबाखू बाहेर आलेली. 1972 साली अशी थोटकं गोळा होऊन अर्व्हिंग पेन यांच्या स्टुडिओत आली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकेकटी, नाहीतर दोन-तीनच्या गटात उभी राहिली आणि त्यांचे सुमारे दोन फूट उंचीचे छाप तयार झाले. या छापांत कागदाची सुरकुती न् सुरकुती दिसते, राखेचा करडेपणा दिसतो, कंपनीचं अर्धवट पुसलेलं नावही वाचता येतं. 1975 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं हे छाप भिंतीवर लावले, तेव्हा पाहणारा बुचकळ्यात पडला असेल तर नवल नाही. ज्याची ओळख ‘व्होग’ मासिकातल्या उंची पोशाखांच्या छायाचित्रांमुळे झालेली, त्यानं रस्त्यावरचा कचरा टिपला होता. आणि तो छापला होता प्लॅटिनममध्ये.

मला या माणसाच्या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे प्लॅटिनमच. पेन यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यांच्या मॉडेल्स, त्यांनी टिपलेले चित्रकार-लेखक, त्यांची शांत मांडणी यांबद्दल लिहितात. ते सगळं खरं आहे. पण कॅमेऱ्याचं बटण दाबल्यानंतर वीस-तीस वर्षांनी त्याच निगेटिव्हकडे परत जाऊन, हातानं रसायनं कालवून, एकेक छाप आठवडे खर्चून घडवणारा कारागीर त्यात हरवून जातो. फॅशनचं छायाचित्र महिनाभराच्या आयुष्यासाठी जन्माला येतं. पुढचा अंक आला की आधीचा रद्दीत. पेन यांनी या अल्पायुषी चित्राला टिकाऊ देह दिला, आणि तो देताना छायाचित्र म्हणजे नेमकी कोणती वस्तू, हा प्रश्नच नव्यानं मांडला.

पेन यांचा जन्म 1917 सालचा, न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डचा. फिलाडेल्फियात अलेक्सी ब्रोडोविच या थोर मासिक-संकल्पकाच्या हाताखाली ते शिकले. ‘हार्पर्स बझार’साठी केलेल्या रेखाचित्रांच्या कमाईतून 1938 साली त्यांनी रोलीफ्लेक्स कॅमेरा घेतला, पण तेव्हा मनात चित्रकार व्हायचं होतं. वर्षभर मेक्सिकोत राहून चित्रं काढली, ती मनासारखी उतरली नाहीत, तेव्हा कॅनव्हासवरचा रंग धुऊन टाकला. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल इतका निष्ठुर असलेला माणूस पुढे डार्करूममध्ये कसा वागणार, याची चुणूक इथेच मिळते. 1943 साली ‘व्होग’चे कला-दिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांनी त्यांना मासिकात घेतलं आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरच्या अंकावर पेन यांनी टिपलेलं पहिलं मुखपृष्ठ आलं. त्यावर माणूस नाही. हँडबॅग, हातमोजे, पट्टा अशा वस्तूंची मांडणी आहे. मग युद्ध. अमेरिकन फील्ड सर्व्हिसच्या रुग्णवाहिकेवर त्यांनी इटलीत आणि नंतर भारतातही काम केलं.

1950 साली पॅरिसमधल्या नव्या पोशाखांची छायाचित्रं काढायला ‘व्होग’नं त्यांना पाठवलं. जुन्या फोटोग्राफी शाळेच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ मिळाला. प्रकाश खिडकीतून येईल तेवढाच. पार्श्वभूमीला नाटकातला एक टाकून दिलेला जुना पडदा, त्यावर करड्या रंगाचे ढगाळ फराटे. हा पडदा पेन यांनी आयुष्यभर जपला. स्टुडिओ बदलले तरी तो सोबत गेला. 2017 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्यांच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा छायाचित्रांच्या जोडीनं हा पडदाही मांडला होता. या पडद्यापुढे लिझा फोन्साग्रीव्ह्ज बालेन्सियागा या फॅशन-संकल्पकाच्या पोशाखात उभ्या राहिल्या. मूळच्या स्वीडनच्या, नृत्य शिकलेल्या लिझा त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या मॉडेल्सपैकी एक होत्या. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

त्याच पॅरिसमध्ये पेन यांनी आणखी एक मालिका सुरू केली, आणि ती मला पोशाखांच्या छायाचित्रांइतकीच महत्त्वाची वाटते. खाटीक, भटारी, फेरीवाले अशा पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या लोकांना त्यांनी कामाच्या कपड्यांत, हातातल्या अवजारांसह बोलावलं. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही हे काम चाललं. साधी पार्श्वभूमी, खिडकीतला प्रकाश, आणि उंची पोशाखाला मिळायचं तेवढंच लक्ष. खाटकाच्या एप्रनची घडी आणि बालेन्सियागाच्या कोटाची घडी या माणसाला सारख्याच आदरानं पाहाविशी वाटली. सिगारेटचं थोटूक पुढे का आलं, याचं उत्तर मला या छायाचित्रांत सापडतं.

साठच्या दशकापर्यंत मासिकाच्या पानावर येणारं आपलं काम पाहून पेन असमाधानी होऊ लागले होते. छपाईत बारकावे हरवत. 1960 साली त्यांचं पहिलं पुस्तक निघालं, तिथे छपाईवर जास्त हुकमत ठेवता आली. पण शाईचा छाप तो शाईचाच. 1964 च्या सुमारास ते प्लॅटिनमकडे वळले.

ही पद्धत तेव्हा जवळजवळ विसरली गेली होती. इंग्लंडच्या विल्यम विलिस यांनी 1873 साली तिचं पेटंट घेतलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलात्मक छायाचित्रणात तिचा मोठा बोलबाला झाला. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनमची टंचाई झाली, भाव कडाडले. पॅलेडियम हा धातू पर्याय म्हणून आला, पण हळूहळू तयार प्लॅटिनम कागद बाजारातून नाहीसा झाला. फ्रेडरिक इव्हान्ससारख्या छायाचित्रकारानं तर हा कागद मिळेनासा झाल्यावर काम जवळपास थांबवलं. त्यामुळे पेन यांना दुकानातून काही विकत आणायची सोयच नव्हती. जुनी पुस्तकं वाचायची, रसायनं आणायची आणि स्वतः करून पाहायचं.

नेहमीच्या कृष्णधवल छापात चांदीचे कण जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले असतात. कागद त्या थराच्या खाली राहतो. प्लॅटिनमच्या छापात असा मधला थर नसतो. लोह आणि प्लॅटिनमच्या क्षारांचं द्रावण ब्रशनं थेट कागदावर पसरायचं, अंधुक उजेडात वाळवायचं, वर निगेटिव्ह टेकवून अतिनील प्रकाशाखाली धरायचं. प्रकाश लोहक्षारावर काम करतो. विकासक द्रावणात तो कागद गेला की बदललेलं लोह प्लॅटिनमच्या क्षाराचा शुद्ध धातू करतं, आणि तो धातू कागदाच्या तंतूंमध्येच बसतो. मग सौम्य आम्लात धुऊन उरलंसुरलं लोह काढून टाकायचं. छापाला चकाकी नसते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या इतक्या छटा उतरतात की डोळा त्यांच्या पायऱ्या मोजू शकत नाही.

पण हे द्रावण फार मंद असतं. लहान निगेटिव्हचा मोठा छाप काढणाऱ्या एन्लार्जरच्या प्रकाशाला ते दाद देत नाही. म्हणून जेवढा छाप हवा तेवढंच मोठं निगेटिव्ह आधी तयार करावं लागतं. दुसरी अडचण काळ्या रंगाची. प्लॅटिनमचा एक हात चांदीच्या छापाइतका गडद काळा देत नाही. तो मऊ, थोडा राखी राहतो. पेन यांना मऊपणा हवा होता आणि खोल काळाही हवा होता. उपाय सांगायला सोपा आहे: एकदा छापलेल्या कागदावर पुन्हा द्रावणाचा हात द्यायचा, पुन्हा निगेटिव्ह ठेवायचं, पुन्हा प्रकाश. गरज पडली तर तिसऱ्यांदा.

आता कागद पाण्यात गेला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि दर वेळी तेवढाच आकसेल याची खात्री नाही. आपल्याकडे छापखान्यात रजिस्टर चुकलं, की दिनदर्शिकेवरच्या देवाच्या ओठांवरून लाल रंग घसरून हनुवटीवर येतो, तसंच इथे व्हायचं. पेन यांनी कागद अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पक्का चिकटवला. पत्रा फुगत नाही, म्हणून त्याला धरून राहिलेला कागदही जागचा हलत नाही. पत्र्याच्या कडेला आणि निगेटिव्हला जुळणारी भोकं पाडून ती खुंट्यांवर बसवली, की दुसरा थर पहिल्यावर नेमका येऊन बसे. एकाच चित्रासाठी ते वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टची निगेटिव्ह वापरत: एक सावल्यांसाठी, एक मधल्या करड्यांसाठी, एक उजळ भागासाठी. दर थराला द्रावणाचं प्रमाणही बदले. कधी प्लॅटिनम जास्त, कधी पॅलेडियम. पॅलेडियमनं रंगात ऊब येते, प्लॅटिनम थंड राहतं. तिसऱ्या हाताला ब्रशचा एखादा फराटा चुकला, की आधीच्या दोन थरांची मेहनत वाया.

एवढा खटाटोप कशासाठी, हे 1950 च्या ‘हार्लेक्विन ड्रेस’ या छायाचित्रात कळतं. लिझा समोर बसल्या आहेत, अंगात काळ्यापांढऱ्या चौकटींचा पोशाख, डोक्यावर रुंद हॅट. मासिकाच्या पानावर हे चित्र म्हणजे ठसठशीत आकृतिबंध; नजर चौकटींवर जाते आणि तिथेच थांबते. प्लॅटिनमच्या छापात प्रत्येक काळी चौकट निराळी आहे. प्रकाशाकडची चौकट कोळशासारखी, घडीत गेलेली तिच्याहून खोल, आणि त्या खोलीतही कापड कुठे वळलं ते दिसतं. पांढरा भाग कुठेही कोरा पडत नाही. चित्र तेच, निगेटिव्ह तेच, पण आता नजर कापडाच्या आत शिरते. पेन यांनी चांदीच्या कागदावरही उत्तम छाप केले. पण एका निगेटिव्हचा एकच खरा छाप असतो असं त्यांनी कधी मानलं नाही.

हे सगळं कौतुक करताना माझं मन एका जागी अडखळतं. 1948 च्या डिसेंबरमध्ये पेन पेरूमधल्या कुझ्को गावी होते. तिथल्या फोटोग्राफरचा दिवसाच्या उजेडाचा स्टुडिओ त्यांनी नाताळच्या दिवसांत भाड्यानं घेतला. गावकरी नेहमीप्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घ्यायला आले. पेन यांनी उलट त्यांनाच पैसे दिले. तिथल्याच एका छायाचित्रात दोन लहान मुलं छोट्या टेबलाला टेकून उभी आहेत, अनवाणी, मोठ्या माणसांसारख्या गंभीर चेहऱ्यानं. पुढे दाहोमी, नेपाळ, न्यू गिनी, मोरोक्को इथेही तंबूचा फिरता स्टुडिओ घेऊन ते गेले. माणसाला त्याच्या घरापासून, शेतापासून, बाजारापासून तोडून करड्या पडद्यापुढे उभं करायचं, ही पद्धत पॅरिसच्या मॉडेलला जशी लागू पडते तशी ती डोंगरातल्या माणसाला लागू पडत नाही. मॉडेल आपलं काम म्हणून तिथे आलेली असते, तिचं नाव छापलं जातं. कुझ्कोच्या त्या दोन मुलांची नावं शीर्षकात नाहीत. त्यांच्या छायाचित्राचा प्लॅटिनम छाप 2008 साली क्रिस्टीज् या लिलावघरात 5,29,000 डॉलरला गेला. छाप सुंदर आहे, मुलांकडे पाहण्यात तुच्छता अजिबात नाही. तरीही हा आकडा आणि ती अनवाणी पावलं मला एकत्र पाहवत नाहीत.

पेन यांनी आपल्या कामाची व्यवस्था हयातीतच लावली. नव्वदच्या दशकात त्यांचे कागदपत्र आणि छापांचा मोठा संच शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे गेला. 2005 साली त्यांच्या नावाचं फाउंडेशन उभं राहिलं. पोटापाण्याच्या उद्योगांची मालिका, 252 छाप, लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमनं 2008 साली मिळवली आणि पुढच्या वर्षी तिचं प्रदर्शन मांडलं. ते चालू असतानाच, 7 ऑक्टोबर 2009 रोजी, पेन वारले. मेट्रोपॉलिटनला शताब्दीच्या निमित्तानं फाउंडेशननं 187 छायाचित्रं देऊ केली.

या सगळ्यांत मला वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आलेला ठेवा सर्वांत विलक्षण वाटतो. तिथे 2005 साली केवळ प्लॅटिनम छापांचं प्रदर्शन झालं. पण पूर्ण झालेल्या छापांबरोबर पेन यांनी या गॅलरीला चाचणीचे तुकडेही दिले होते. निम्मा उतरलेला छाप, जास्त गडद झालेला, द्रावणाचं प्रमाण बदलून पाहिलेला. दुसरा कुणी कलावंत हे असलं जाळून टाकता, आणि कॅनव्हास धुऊन टाकणाऱ्या माणसाकडूनही हीच अपेक्षा असती. त्यानं ते नीट ठेवलं.

छाप जतन करणाऱ्यांना या तुकड्यांचं मोल फार आहे, कारण प्लॅटिनमचा एक विचित्र गुण आहे. हा धातू स्वतः काळा पडत नाही, उडत नाही. पण शेजारच्या कागदाचं वय तो वाढवतो. अल्बममध्ये प्लॅटिनम छापासमोर वर्षानुवर्षं दाबून राहिलेल्या पानावर त्याच चित्राची पिवळट आकृती उमटलेली सापडते. छापाच्या कडेला, पाठीमागे, चिकट थरात पुढे काय होणार हे ओळखायचं, तर आत काय आहे ते आधी कळायला हवं. त्यासाठी छापाला धक्का न लावता त्यावर क्ष-किरण टाकतात आणि परतणाऱ्या किरणांवरून धातू ओळखतात: इथे प्लॅटिनम, इथे पॅलेडियम, इथे नीट न धुतलेलं लोह. पूर्ण छापात दोन-तीन थर एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे कोणता धातू कोणत्या हातात आला ते सांगणं कठीण जातं. अर्धवट सोडलेल्या तुकड्यात एकच थर असला, तर ते लगेच सांगता येतं.