ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ : बारावीच्या जीवशास्त्रातील काही गैरसमज

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत जीवशास्त्र हा घोकंपट्टीचा विषय मानला जातो आणि लांबलचक लॅटिन नावे हीच त्यातील मुख्य अडचण समजली जाते. प्रत्यक्षात नवी संज्ञा विद्यार्थी सावधपणे शिकतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांमुळे, कारण श्वसन, प्रभावी, उत्क्रांती हे शब्द व्यवहारातला अर्थ बरोबर घेऊन येतात आणि तोच अर्थ पुढे शास्त्रीय अर्थाची जागा अडवून बसतो.

गैरसमज १ : वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, पिंपळ मात्र रात्रीही ऑक्सिजन सोडतो.

वस्तुस्थिती : श्वास घेणे म्हणजे हवा आत-बाहेर करणे, तर श्वसन म्हणजे ग्लुकोजसारख्या अन्नरेणूंचे पेशीमध्ये टप्प्याटप्प्याने विघटन होऊन त्यांतील ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात पेशीला उपलब्ध होणे. ही क्रिया वनस्पतींमध्येही अहोरात्र चालते; मात्र भरपूर उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा बराच जास्त असल्याने श्वसनातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पानातच वापरला जातो आणि बाहेर पडताना आढळतो तो ऑक्सिजन. हा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूपासून येतो, हे रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचा, म्हणजे अधिक वस्तुमान असलेल्या अणुप्रकाराचा, वापर करून दाखवले. पाण्याचे हे विघटन प्रकाशावाचून होत नसल्यामुळे पिंपळही त्याला अपवाद ठरत नाही. निवडुंग आणि अननस रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात हे खरे, परंतु ऑक्सिजन मुक्त होण्यासाठी त्यांनाही सूर्योदयाची वाट पाहावी लागते.

गैरसमज २ : प्रभावी लक्षण समाजात अधिक आढळते आणि पिढ्यानुपिढ्या वाढत जाते.

वस्तुस्थिती : एकाच जनुकाची दोन भिन्न रूपे एका सजीवात एकत्र आली असता ज्या रूपाचे लक्षण प्रकट होते, त्याला प्रभावी म्हणतात, ते समाजात किती जणांत असते, याविषयी ही संज्ञा काहीच सांगत नाही. मेंडेल यांना वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, म्हणजे जवळपास ३:१, परंतु हे प्रमाण संकरित रोपांच्या संततीचे आहे, संपूर्ण लोकसंख्येचे नव्हे. निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन यांसारखे घटक नसतील आणि मोठ्या समूहात मुक्त प्रजनन होत असेल, तर जनुकरूपांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या स्थिर राहते, हे हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी असूनही जगात सर्वाधिक आढळतो, तर अनेक कुटुंबांत प्रभावी रीतीने उतरणारे सहावे बोट विरळच दिसते. हार्डी हे गणितज्ञ होते, ही गोष्ट गणित टाळण्यासाठी जीवशास्त्र निवडणाऱ्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

गैरसमज ३ : उत्क्रांती म्हणजे प्रगती असून सजीव गरजेप्रमाणे स्वतःत बदल घडवतात.

वस्तुस्थिती : ‘उत्’ या उपसर्गामुळे या शब्दाला वर चढण्याची छटा येते, शास्त्रात मात्र त्याचा अर्थ समूहातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यांगणिक बदलणे एवढाच आहे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये जिवाणूंच्या वसाहतींचा मखमलीवर ठसा घेऊन तो स्ट्रेप्टोमायसिन हे औषध असलेल्या दुसऱ्या बशीत उमटवला आणि स्ट्रेप्टोमायसिनचा कधीही स्पर्श न झालेल्या जिवाणूंमध्येही त्या औषधाला दाद न देणारे काही जिवाणू आधीपासूनच असतात, हे सिद्ध केले. औषध प्रतिकार शिकवत नाही. ते इतरांना मारून प्रतिकारक्षम जिवाणूंना मोकळे रान देते. उत्क्रांती ही प्रगतीची शिडीही नाही : मनुष्य आजच्या चिंपांझीपासून उत्पन्न झालेला नसून दोघांचे पूर्वज लक्षावधी वर्षांपूर्वी समान होते.

म्हणूनच व्याख्या पाठ करण्यापूर्वी त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ वहीत लिहावा, त्याखाली शास्त्रीय अर्थ लिहावा आणि दोन्ही कोठे वेगळे होतात ते एका उदाहरणाने दाखवावे. हे दाखवता आले, की व्याख्या वेगळी घोकावी लागत नाही.