चारशे नोंदी, साक्षी किती?
समजा, नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत शंभर घरांतल्या चार-चार माणसांचा रक्तदाब मोजला. नोंदी ४०० झाल्या, पण त्या स्वतंत्र नव्हेत: रक्त एक, चूल एक, मीठही एकाच बरणीतलं. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असेल तिथे नात्याची वीण आणखी घट्ट. घरातला सहसंबंध ०.३ धरला, तर या ४०० नोंदींचं वजन जेमतेम २१० भरतं. साधं रिग्रेशन हे विसरतं आणि फाजील खात्रीनं बोलतं.

मग घरटी एकच माणूस घ्यावा? चालेल, पण आनुवंशिकतेचा माग तिथेच तुटतो. लिआंग आणि झेगर यांची १९८६ची पद्धत घराला एकक मानून प्रमाण त्रुटी सुधारते. मिश्र प्रतिमान नात्याची जवळीकच हिशेबात घेतं: सख्खी भावंडं १/२, आते-मामे भावंडं १/८. चुलीचा वाटा मात्र वेगळा मोजावा लागतो, नाहीतर तो रक्ताच्या नावावर चढतो.