शाळेंत असतांनाच कॉलेजचें शिक्षण

आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभीं चार गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे: ग्रंथाचा विषय कोणता, त्याच्या अध्ययनाचें प्रयोजन काय, विषयाचा व ग्रंथाचा परस्परसंबंध काय, आणि अध्ययनास अधिकारी कोण. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. या चार प्रश्नांचा उलगडा झाल्यावांचून ग्रंथास हात घालूं नये, असा त्यांतील हेतु. अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें झपाट्यानें पसरत असलेल्या एका शिक्षणपद्धतीचा विचार करितांनाही हेच चार प्रश्न उपयोगी पडतील असें आम्हांस वाटतें. हायस्कुलांत शिकत असलेल्या मुलानें त्याच वेळीं महाविद्यालयाचे कांहीं विषय पुरे करावे, आणि ते शाळा व महाविद्यालय या दोहींच्या दफ्तरीं जमा व्हावे, अशी ही पद्धति आहे. महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतले मुलगे, लेकी, सुना व जांवई आज तिकडे संसार थाटून आहेत. त्यांचीं मुलें पंधरा-सोळा वर्षांचीं झालीं म्हणजे हा प्रश्न तिकडल्या घरीं उभा राहतो, आणि दूरध्वनीवरून इकडल्या आजी-आजोबांच्या कानांवर येतो. म्हणून त्याची माहिती येथील घरांतही असणें इष्ट आहे.

ही कल्पना अगदींच कालपरवांची नव्हे. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनीं १९३७ च्या सुमारास दहावी इयत्ता संपलेल्या हुशार मुलांस महाविद्यालयांत घेण्याचा प्रयोग केला होता. १९५५ सालीं कनेक्टिकट विद्यापीठानें निराळी वाट धरली. मुलांनीं शाळेंतच बसावें, शाळेंतील निवडक शिक्षकांनीं विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवावा, व विद्यापीठानें त्याची नोंद करावी, अशी ती योजना होती. पुढें १९८५ सालीं मिनेसोटा राज्यानें कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांस सरकारी खर्चानें महाविद्यालयांत जाऊन शिकण्याची मोकळीक दिली. १९९० सालीं वॉशिंग्टन राज्यानें ‘रनिंग स्टार्ट’ या नांवानें तशीच योजना मंजूर केली. तेथून पुढें एकामागून एक राज्यें या मार्गास लागलीं. २०२२-२३ या वर्षीं त्या देशांत सुमारें २५ लक्ष शालेय विद्यार्थी अशा रीतीनें महाविद्यालयाचे विषय घेत होते; आणि कम्युनिटी कॉलेज म्हणून जीं दोन वर्षांचीं स्थानिक महाविद्यालयें असतात, त्यांत दर पांच विद्यार्थ्यांत एक अजून हायस्कुलांतलाच होता.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नांवाच्या ज्या परीक्षा तिकडील मुलें देतात, त्या याहून वेगळ्या. त्या १९५६ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था घेत आली आहे. अभ्यास शाळेचाच, परंतु वरच्या दर्जाचा. मे महिन्यांत एक परीक्षा होते आणि एक ते पांच यांपैकीं एक अंक हातीं पडतो. अंक मनासारखा न आला तर तो महाविद्यालयास न कळवण्याचीही सोय बहुधा असते. आम्ही ज्या पद्धतीविषयीं लिहीत आहों, तींत मूल खरोखरच महाविद्यालयाचा विद्यार्थी होतें. त्याच्या सबंध सत्राच्या कामावर श्रेणी मिळते आणि ती कायमची नोंदली जाते. हा भेद लहान दिसला, तरी पुढील सारें विवेचन त्यावरच उभें आहे.

आतां प्रथम प्रयोजन पाहूं. तिकडे महाविद्यालयीन शिक्षण फार महाग आहे. त्यासाठीं काढलेलें कर्ज फेडतांना पुष्कळांचें तारुण्य निघून जातें. मिनेसोटाच्या योजनेंत शिकवणीची फी व लागणारीं पुस्तकें यांचा भार राज्य उचलतें. वॉशिंग्टनमध्यें शिकवणीची फी माफ असते, पुस्तकांचा खर्च मात्र बहुधा घरचा. तेव्हां मध्यम स्थितीच्या गृहस्थास ही मोठीच सवलत वाटते. दुसरें प्रयोजन असें कीं, हायस्कूलचें शेवटचें वर्ष हुशार मुलांस कंटाळवाणें होतें. शिकण्याजोगें थोडें उरतें आणि मन भटकूं लागतें. तिसरें प्रयोजन महाविद्यालयांचें स्वतःचें आहे. २०१० नंतर कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थिसंख्या उतरणीस लागली, तेव्हां हायस्कुलांतील मुलांनीं त्यांचे वर्ग कांहीं अंशीं भरून काढले. हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण ज्यास आपलें मूल हवें असतें, तो त्याच्या फायद्याचीच बाजू प्रथम सांगतो. अशा विषयांचा लाभ घेतलेलीं मुलें पुढें महाविद्यालयांत जाण्याचें व पदवी पुरी करण्याचें प्रमाण अधिक आढळतें हें खरें. परंतु मुळांत जीं मुलें हुशार व ज्यांचीं घरें जागरूक, तींच बहुधा या वाटेस लागतात, हेंही तितकेंच खरें. गरीब व कृष्णवर्णीय घरांतील मुलांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानानें कमीच राहिला आहे.

विषयाचें म्हणाल तर इंग्रजी निबंधलेखन, बीजगणित, मानसशास्त्र, अमेरिकेचा इतिहास असे पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय बहुधा घेतले जातात. त्यांचें मोजमाप श्रेयांकांनीं होतें. एक श्रेयांक म्हणजे सुमारें पंधरा आठवडेपर्यंत दर आठवड्यास एक तास वर्ग आणि त्यावर दोन तास स्वतःचा अभ्यास. सामान्य विषय तीन श्रेयांकांचा असतो, म्हणजे आठवड्याचे ९ तास झाले. आणि पदवीस बहुधा १२० श्रेयांक लागतात. मिनेसोटाच्या कायद्यांत महाविद्यालयाचे चार श्रेयांक हे शाळेच्या सबंध वर्षाच्या एका विषयाबरोबर धरले आहेत. ज्यास शाळा वर्ष घालविते, तें तेथें पंधरा आठवड्यांत उरकतें. आम्हीं सारा जन्म शाळेंत शिकविण्यांत घालविला; मागें पडलेल्या मुलासाठीं धडा पुन्हां घेणें हें शाळामास्तराचें निम्में काम असतें. महाविद्यालयाचा अध्यापक थांबत नाहीं. मुलानें स्वतः त्याच्या खोलीवर जाऊन शंका विचाराव्या अशी तेथें अपेक्षा असते.

तिसरा प्रश्न संबंधाचा, आणि व्यवहारांत यावरच घरें फसतात. एका महाविद्यालयांत मिळविलेले श्रेयांक दुसऱ्यानें मान्य केलेच पाहिजेत असा सरसकट नियम नाहीं. त्याच राज्यांतील सरकारी विद्यापीठें ते बहुधा स्वीकारतात. नामांकित खासगी विद्यापीठें पुष्कळदां स्वीकारीत नाहींत, किंवा श्रेयांक देतात पण पदवीच्या आवश्यक विषयांत ते धरीत नाहींत. मग मुलापाशीं तीस श्रेयांक असूनही एकही वर्ष वांचत नाहीं. वैद्यक शिकूं इच्छिणाऱ्यांनीं तर विशेष जपावें, कारण रसायन व जीवशास्त्र हे मूळ विषय चार वर्षांच्या महाविद्यालयांत शिकलेले असावेत, असें कांहीं वैद्यकीय विद्यालयें अधिक पसंत करितात. श्रेयांक गेला तरी श्रेणी मात्र जात नाहीं. पुढें कोठेंही अर्ज करितांना हें सोळाव्या वर्षींचें गुणपत्रक जोडावेंच लागतें. आणि सरकारी आर्थिक साह्य मागतांना त्यांतील अपयशही हिशेबांत येऊं शकतें.

राहतां राहिला अधिकारी. येथें आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील हकीकत सांगण्याजोगी आहे. मुलगी मिनेसोटांत वाढलेली, शाळेंत नेहमीं वरच्या क्रमांकाची. अकरावींत तिनें महाविद्यालयाचे चार विषय एकदम घेतले. त्यांत एक गणिताचा. तेरा श्रेयांक झाले, म्हणजे वरच्या हिशेबानें आठवड्याचे ३९ तास. गणिताच्या पहिल्या परीक्षेंत तिला फार कमी गुण मिळाले. आजवर असा प्रसंग न आल्यामुळें ती गप्प राहिली; शाळा असती तर चार दिवसांत घरीं निरोप गेला असता. विषय सोडून देण्याची मुदत टळून गेली. वडिलांस संशय येऊन त्यांनीं महाविद्यालयांत विचारणा केली, तेव्हां, ‘मुलीच्या लेखी संमतीवांचून आम्हांस कांहीं सांगतां येत नाहीं,’ असें सौजन्यपूर्ण उत्तर आलें. सत्राअखेर गणितांत ‘डी’ श्रेणी पडली. पुण्यास तिच्या आजींस हें कळलें तेव्हां त्या संतापून म्हणाल्या, “सोळा वर्षांच्या पोरीचे गुण तिच्या बापाला सांगायला पोरीची परवानगी? ही कुठली रीत?”

ही रीत कायद्याची आहे. १९७४ सालच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें, विद्यार्थी कोणत्याही वयाचा असो, तो महाविद्यालयांत शिकूं लागला कीं तेथील त्याच्या नोंदींवरील हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. शाळेकडे जे गुण येतात ते शाळा पालकांस दाखवूं शकते. कराच्या हिशेबांत मूल आपल्यावर अवलंबून असल्याचें दाखविल्यास महाविद्यालयासही ते दाखवितां येतात, पण दाखविलेच पाहिजेत असें बंधन त्याजवर नाहीं. आजींचा संताप आम्हांस समजतो. ज्या घरांत प्रगतिपुस्तक प्रथम देवापुढें, मग आजोबांपुढें ठेविलें जातें, तेथें ही गोष्ट रुचणें कठीण. तथापि ‘अधिकार’ या आपल्याच शब्दाकडे पहावें. त्याचा एक अर्थ योग्यता, दुसरा हक्क; आणि भाषेनें हे दोन्ही एकाच शब्दांत बांधले आहेत. जो महाविद्यालयाचा पाठ घेण्यास योग्य, तो आपल्या यशापयशाचा हिशेब ठेवण्यासही योग्य असला पाहिजे. आणि जो अपयश घरीं सांगूं शकत नाहीं, त्याची बुद्धि कितीही तीव्र असली तरी त्याचा अधिकार अजून अपुरा आहे. त्या मुलीनें पुढील सत्रांत एकच विषय घेतला, इंग्रजी निबंधाचा. दर आठवड्यास ती आपला कच्चा मसुदा घेऊन अध्यापिकेच्या खोलीवर जाऊं लागली, आणि तिला उत्तम श्रेणी मिळाली. गणितांतील ‘डी’ पत्रकावर आहे तो आहेच. परंतु आतां ती आपले गुण आपण होऊन घरीं सांगते.

वयाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली, तींत उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे त्या वेळीं सतरा वर्षांचे होते. आजही आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळदां महाविद्यालयाच्या आवारांतच भरतात. मूल कॉलेजांत जातें पण अभ्यास करितें तो शिक्षणमंडळाचा. अमेरिकेंतील मूल पुष्कळदां शाळेच्याच बाकावर बसून कॉलेजचा अभ्यास करितें. आपलें घर इमारतीस भुलतें, तिकडलें श्रेयांकाच्या संख्येस. मुलाची तयारी पाहण्याचें दोन्हीकडे राहून जाण्याचा संभव आहे. आपल्याकडेही २०२३ सालीं जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यांत शालेय शिक्षण धरलें आहे. आणि २०१७ पासून ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर महाविद्यालयीन व्याख्यानें घरबसल्या विनामूल्य ऐकतां येतात. तेव्हां असा प्रश्न उद्यां आपल्याही उंबरठ्यावर येईल, असें मानून चालण्यास हरकत नाहीं.

तिकडील आप्तांस सल्ला द्यावयाचा झाल्यास आम्ही इतकेंच सुचवूं. पहिल्या सत्रांत एकच विषय घ्यावा, आणि तो मुलाच्या आवडीचा व शाळेंत त्याचा पाया पक्का झालेला असावा. ज्या तीन-चार विद्यापीठांत पुढें जाण्याचा मानस असेल, त्यांस त्या विषयाचे श्रेयांक चालतील कीं नाहीं हें आधींच लेखी विचारून घ्यावें. विषय सोडण्याची शेवटची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी. वेळेवर विषय सोडल्यास पत्रकावर नुसती सोडल्याची खूण राहते, आणि ती नापास श्रेणीपेक्षां शतपट बरी. अध्यापकास पत्र लिहावयाचें तें मुलानेंच लिहावें, बापानें नव्हे. नांव नोंदविण्यापूर्वीं घरांत एकदां शांतपणें बसून ठरवावें कीं, पहिली परीक्षा वाईट गेली तर त्याच रात्रीं जेवतांना ती गोष्ट सांगावयाची, आणि ऐकणारांनीं रागें भरावयाचें नाहीं. ही अट दोन्ही पक्षांस मान्य होत असेल तर मुलास खुशाल जाऊं द्यावें. होत नसेल तर वर्षभर थांबावें. महाविद्यालय कोठें पळून जात नाहीं.