वर्गातली हवा खेळती राहू द्या

थंडी सुरू झाली की पालकांचा निरोप येतोच, "मुलांना गार वारा लागतो, वर्गाच्या खिडक्या बंद ठेवा." काळजी समजते, पण खिडक्या पूर्ण बंद ठेवणे आम्हाला मान्य नाही. कारण सांगतो.

बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० भाग असतात. बंद वर्गात चाळीस मुले बसली की पंधरा-वीस मिनिटांतच हा आकडा १००० च्या वर जातो. मुले जांभया देतात, त्यात दोष नेहमी गणिताचाच नसतो! खरी भीती वेगळी आहे. गोवराचे, क्षयाचे जंतू त्याच हवेत तरंगत राहतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेत १९७४ साली गोवर झालेल्या एका मुलीपासून २८ मुलांना लागण झाली, आणि ती मुले १४ निरनिराळ्या वर्गांतली होती. तेथे यंत्राने तीच हवा सगळ्या वर्गांत फिरवली जात असे.

आपला छताचा पंखाही हवा फिरवतो, बदलत नाही. बदलायची तर येण्याची वाट हवी आणि जाण्याचीही. एकाच भिंतीत चार खिडक्या असण्यापेक्षा समोरासमोर एक-एक बरी. मांडूचा जहाज महाल आपण सहलीत पाहतो. दोन तलावांच्या मधली ही इमारत सुमारे १२० मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम १५ मीटर. त्यामुळे वारा या तलावावरून त्या तलावाकडे आरपार जातो. गरम हवा वर चढते, म्हणून जुन्या घरांत छताजवळ रोशनदान ठेवत. धार असो की देवास, आता कितीतरी घरांत कबुतरांच्या त्रासाने तेथे पुठ्ठा ठोकलेला दिसतो. पुठ्ठ्याऐवजी जाळी लावावी.

देवासला आग्रा-मुंबई रस्त्यालगत राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. ट्रकांची गर्दी असेल तेव्हा रस्त्याकडच्या खिडक्या लावा, मागची बाजू आणि रोशनदान उघडे ठेवा.

थंडीत वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या चार बोटे उघड्या राहतील आणि प्रत्येक तासानंतर पाच मिनिटे सताड. मुलांना स्वेटर घालून पाठवावे.

घरी एक अगरबत्ती लावून पाहा. धूर सरळ एखाद्या वाटेने बाहेर गेला तर ठीक. खोलीतच घुटमळला, तर जाण्याची वाट अडली आहे. बहुधा खिडकीपुढे कपाट सापडेल.